स्टाफरूममधली अक्षरफोड

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. फळ्याखालच्या पट्टीवर खडूची भुकटी साचते तसे ते साचत जातात. एखाद्या दिवशी चुकून हात लागतो, बाही पांढरी होते, आणि मग झटकता झटकता तास संपतो. आमच्या शाळेतले बहुतेक किस्से एकाच खेळाभोवती साचलेत, त्यामुळे सांगायला सोपे आहेत. ऐकणाऱ्याला सोपे जातील की नाही, ते बघू.

आमची शाळा बिदर जिल्ह्यात, सीमेच्या कन्नड बाजूला, कमलनगरपासून जीपने पंधरा-वीस मिनिटांवर. सरकारी, मराठी माध्यमाची, आठवी ते दहावी. मी तिथे गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये एक छोटा फळा आहे. कोण रजेवर आहे आणि त्याचा तास कुणी घ्यायचा, हे त्यावर लिहायचं असतं. पण आम्ही माणसंच इतकी कमी, की रजा घ्यायची कुणाची छाती होत नाही. फळा आपला वर्षभर रिकामा. मराठीचे वैद्य सर आहेत, त्यांना रिकामा फळा बघवत नाही. एका जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर ‘कमलनगर’ असं लिहिलं आणि म्हणाले, यातल्या अक्षरांतून किती शब्द निघतात ते मधल्या सुट्टीपर्यंत सांगा.

नियमही त्यांचेच. अक्षर शब्दात जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचं. काना-मात्रा अक्षराला चिकटलेली, ती सोडवायची नाही. जोडाक्षर फोडायचं नाही. माणसांची आणि गावांची नावं चालणार नाहीत. ज्याचे शब्द सगळ्यांत कमी, त्यानं फाटकाबाहेरच्या गाड्यावरून सगळ्यांसाठी भजी आणायची. या खेळाला आम्ही अक्षरफोड म्हणतो. पहिल्या दिवशी मला नऊ शब्द सापडले, वैद्य सरांना बावीस. भजी मी आणली. तेव्हापासून दर जूनला पहिला शब्द कमलनगरच असतो, आणि वर्षभर रोज नवा.

गणिताच्या माणसाला याहून स्वच्छ गाव मिळणार नाही. सहा अक्षरं, एकाला काना नाही की वेलांटी नाही, आणि एकही अक्षर पुन्हा येत नाही.

*

एका जूनमध्ये, नेमका कमलनगरचा दिवस होता, आणि वरून साहेब तपासणीला आले.

आमचे मुख्याध्यापक बिरादार सर त्या दिवशी सकाळपासून एकच वाक्य पाठ करत होते. आम्हाला कन्नडचा शिक्षक द्या. आमच्याकडे कन्नडचा माणूस टिकत नाही, हे आमचं जुनं दुखणं. नेमणूक होते ती खालून, म्हैसूर-मंड्याकडून. माणूस येतो, एक उन्हाळा बघतो आणि बदलीचा अर्ज टाकतो. मुलांच्या घरी मराठी, शेतात मराठी, बाजारात मराठी आणि दखनी. कन्नड त्यांना पुस्तकातच भेटतं, आणि पुस्तक शिकवायला कुणी नाही. गणितात कशीबशी तरलेली पोरं दहावीला कन्नडमध्ये बुडायची. एकदा बुडाली की शाळेचं तोंड बघायची नाहीत.

तर साहेब स्टाफरूममध्ये आले आणि त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. गरम, मगर, नकल, रकम असे शब्द ओळीनं लिहिलेले. साहेबांनी विचारलं, हे काय? बिरादार सर डस्टर शोधायला लागले. वैद्य सरांनी मात्र शांतपणे नियम सांगितले, जोडाक्षराच्या नियमासकट.

साहेब उदगीरकडचे, मराठी माणूस. त्यांनी खुर्ची ओढली. मस्टर मागवलं होतं ते उघडलंच नाही. चहा निवला. बिरादार सरांनी आपलं वाक्य तीनदा म्हटलं, साहेब तिन्ही वेळा म्हणाले, ‘हो हो, थांबा जरा.’ सुट्टी संपता संपता ते उठले, शेरेबुकात सही केली आणि जीपमध्ये बसले.

जीप फाटकाबाहेर पडली आणि पन्नास पावलांवर थांबली. बिरादार सर धोतर सावरावं तशी पँट सावरत धावले. वाटलं, कन्नडच्या शिक्षकाचं आठवलं असेल. काच खाली आली.

‘बिरादार,’ साहेब म्हणाले, ‘गरम लिहिलंय ना फळ्यावर? नरम राहिलंय.’

दीड महिन्यानं कन्नडच्या शिक्षिका हजर झाल्या. बिरादार सर त्याचं श्रेय आजही आपल्या अर्जांना देतात. वैद्य सर ‘नरम’ला देतात.

*

त्या यायच्या आधीची एक गोष्ट मध्येच सांगून घेतो, कारण त्यातला माणूस पुढे सगळीकडे आहे.

धुळप्पा आमचा शिपाई. घंटा वाजवणं, चहा करणं, टपाल नेणं ही त्याची कामं. धनगराच्या घरचा, सातवीपर्यंत शिकलेला. बाप मेंढरांमागे फिरायचा, धुळप्पा नोकरीला लागला, भावाकडे मात्र अजून वीस-पंचवीस मेंढरं आहेत. पोरं त्याला मामा म्हणतात. अक्षरफोडीत तो चहाचे पेले मांडता मांडता तोंडी भाग घ्यायचा.

एका शनिवारी फळ्यावर ‘घरवाला’ होता. घर, वाघ, रवा झालं. धुळप्पा म्हणाला, ‘वाघर.’

वैद्य सरांनी कोश उघडला. त्यांच्याकडे एक जुना जाड कोश आहे, त्याची शिवण सुटलेली, दोरीनं बांधून ठेवलेला. पानं उलटून त्यांनी मान हलवली. नाही. धुळप्पा म्हणाला, असं कसं, रात्री मेंढरं कोंडायला लावत्यात ते जाळं, वाघर. वैद्य सर म्हणाले, असेल, पण कोशात नाही. कोशात नाही तो शब्द नाही.

धुळप्पा पेले उचलून निघून गेला.

सोमवारी सकाळी आम्ही स्टाफरूममध्ये आलो तर टेबल दिसेना. टेबलावर, खुर्च्यांवर, वह्यांच्या गठ्ठ्यांवर एक मोठं काळपट जाळं पसरलेलं. भाऊ मेंढरं घेऊन कमठाण्याच्या बाजूला उतरला होता. धुळप्पानं रविवार मोडून, दोन बस बदलून ते आणलं होतं.

‘बघा सर,’ तो म्हणाला, ‘न्हाई म्हनलाव ते हे.’

वैद्य सरांनी जाळ्याच्या एका घरातून बोट घातलं, दोर ओढून बघितला. मग कोशाची दोरी सोडली, योग्य पान काढलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं. वाघर, स्त्रीलिंगी. शेजारी अर्थ.

आठ दिवस स्टाफरूमला मेंढरांचा वास होता, पण त्या दिवसापासून अक्षरफोडीला दोन पंच झाले. एक कोश आणि एक धुळप्पा. धुळप्पानं पंच व्हायला एकच अट घातली. म्हणाला, ‘ठाव असंल तर हाय म्हनीन, नसंल तर न्हाई. कुनाची भजी वाचवायला मधलं काय मागू नका.’

*

आता पुट्टम्मा मॅडम.

चामराजनगरच्या पलीकडच्या एका गावातल्या. वय पस्तीस-छत्तीस, लग्न केलेलं नाही, घरी आई एकटी. बिदरला पोचायला एक रात्र रेल्वे, त्याआधी अर्धा दिवस बस. मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकं. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन घेऊन त्या शाळेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा बिरादार सरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ह्यांना जाऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते करा.’

आम्ही आम्हाला येत होतं ते केलं. नवं माणूस आलं की त्याचं नाव फळ्यावर लिहून फोडायचं, अशी आमची पद्धत. स्वागतच ते. आम्हा जुन्यांचीही नावं फोडून झाली होती. माझ्या नावातून सहा शब्द निघाले होते, मला दिवसभर बरं वाटलं होतं. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. वैद्य सरांनी त्यांच्याकडे बघून हसून फळ्यावर ‘पुट्टम्मा’ लिहिलं. आणि आम्ही चौघं त्या नावाकडे बघत उभे राहिलो.

पु, ट्ट, म्मा. काहीच निघेना. उलटं करून बघितलं, मधलं आधी घेऊन बघितलं. वैद्य सरांनी निराशेनं मान हलवली. मग मी हलवली. धुळप्पानं एकदा नावाकडे, एकदा मॅडमकडे बघितलं आणि म्हणाला, ‘न्हाई.’ बिरादार सरांनी सुस्कारा टाकून डस्टर घेतलं आणि नाव पुसून टाकलं.

मॅडमनी त्या संध्याकाळी आईला फोन करून काय सांगितलं, ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. त्यांनी सांगितलं होतं की, इथल्या लोकांनी माझं नाव फळ्यावर लिहिलं, चौघांनी त्यावर विचार केला आणि मला नापास केलं!

आई म्हणाली होती, परत ये.

धुळप्पाला हे कळलं तेव्हा त्याला फार लागलं. त्याला मॅडम टिकायला हव्या होत्या, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्याचा मुलगा याच शाळेचा. कन्नडला शिक्षक नव्हता त्या वर्षांतला. तीनदा बसला, तिन्ही वेळा कन्नडनं अडवलं, आणि आता हैदराबादेत बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या उचलतो. मुलाची मुलगी रेणुका धुळप्पाजवळ असते. मॅडम आल्या तेव्हा ती सातवीत होती. धुळप्पा हिशेब करायचा. सातवी झाल्यावर आणखी तीन वर्षं मॅडम राहिल्या की रेणुका दहावी पार. हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता, पण मॅडमच्या चहात साखर दोनदा ढवळायचा.

*

पहिले तीन महिने मॅडम खिडकीशी बसून वह्या तपासायच्या. आम्ही फळ्यापुढे भांडायचो, त्या बघायच्या. मग एके दिवशी त्यांनी फळ्यावरची अक्षरं आपल्या वहीत कन्नड लिपीत उतरवून घेतली.

कन्नड अक्षरं मला लागतात, त्यामुळे नंतर मी वही चाळली तेव्हा त्यांची रीत मला कळली. मॅडमना मराठी शब्द येत नव्हते, म्हणून त्यांनी शब्द शोधलेच नाहीत. त्या अक्षरांच्या सगळ्या जुळण्या ओळीनं लिहायच्या. कमल, कमन, कमग, कमर, मग कलम, कलन, कलग. एकही गाळायची नाही. सहा अक्षरांतून तीन-तीन घेतली तर एकशेवीस होतात, हे मी दहावीच्या पोरांना पंधरा दिवस शिकवतो आणि पोरं विसरतात. बाईंनी धडा न वाचता एकशेवीसच्या एकशेवीस उतरवल्या होत्या. दोन अक्षरी तीस वेगळ्या.

मग ती वही घेऊन त्या धुळप्पाकडे जायच्या. तो चहाच्या स्टोव्हपाशी उभा. त्या वाचायच्या, धुळप्पा सांगायचा.

‘अण्णा, कमल?’

‘हाय.’

‘कमन?’

‘न्हाई.’

‘कमग?’

‘न्हाई.’

‘कमर?’

‘हाय की. दुखती ती.’

‘हाय’ झालं की बरोबरची खूण, ‘न्हाई’ झालं की फुली. अर्थ विचारायचा नाही. एका शब्दावर धुळप्पा थांबला तर त्याही थांबायच्या. तो आठवायचा, जिभेवर घोळवून बघायचा, आणि मगच सांगायचा. कधी घाईत हो म्हटलं नाही, कधी कंटाळून नाही म्हटलं नाही.

पुढच्या जूनला कमलनगर लागलं तेव्हा वैद्य सर बावीसवरच होते. पुट्टम्मा मॅडमनी एकोणतीस वाचून दाखवले. वैद्य सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळ्यांत कमी शब्द माझेच होते, पण आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः भजी आणायला उठले. फाटकापर्यंत जाऊन परत आले, कारण गाडा कुठं उभा असतो तेच त्यांना माहीत नव्हतं.

*

या कारभारापायी एकदा खेळावर बंदीही आली.

फळ्यावर ‘नवरदेव’ होता. मधली सुट्टी संपत आली होती. धुळप्पा घंटेचा लोखंडी गज हातात घेऊन बाहेर निघाला, तेवढ्यात मॅडमनी वही उघडून विचारलं, ‘अण्णा, नवर?’ धुळप्पा तिथंच थांबला. नवर. आपल्या आईच्या तोंडून असं काही ऐकल्यासारखं त्याला वाटत होतं, पण कशाबद्दल ते आठवेना. खात्री झाल्याशिवाय तो हाय म्हणणार नाही, न्हाईही म्हणणार नाही. तो भिंतीला टेकला. गज हातातच.

मैदानावर पोरं खेळत राहिली. खो-खोचा एक डाव संपला, दुसरा संपला. दोन पोरं घरी जाऊन जेवून आली. बिरादार सर तालुक्याहून मोटारसायकलवर परतले तेव्हा सुट्टी सुरू होऊन दीड तास झाला होता आणि शाळा इतकी आनंदात होती की त्यांना आधी वाटलं, आज रविवार आहे.

त्यांनी तो फळा स्वतः पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. ‘सूचना. आजपासून स्टाफरूममध्ये अक्षरफोड बंद. मु. अ.’ खाली सही.

चार दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ‘सूचना’ या शब्दाच्या शेजारी, अगदी बारीक अक्षरात, कुणीतरी त्यातून निघणारा ‘नाच’ लिहिलेला दिसला. वैद्य सरांनी माझ्याकडे बघितलं, मी धुळप्पाकडे. धुळप्पा म्हणाला, ‘मी न्हाई. माझं अक्षर असलं देखनं कुठं असतंय.’

मॅडम जवळ गेल्या, वाकून बघितलं आणि वळून बसल्या. सूचनेतला ‘च’ आणि नाचमधला ‘च’ एकाच हातचा होता. दुपारी बिरादार सर आले, कुणाकडे न बघता म्हणाले, सूचना जुनी झाली, पुसून टाका.

*

मॅडमना मराठी असं फुल्यांतून आणि बरोबरच्या खुणांतून आलं, आणि आलं ते धुळप्पाचं आलं. म्हैसूरकडची सुती साडी, केसांत जाईचा गजरा, आणि तोंडात ‘कामून’ आणि ‘करायलाव’. वैद्य सरांनी शुद्ध करायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणायच्या, अण्णांना विचारून सांगते.

एकदा आम्ही सगळे गाणगापूरला दर्शनाला गेलो. रांग मोठी, ऊन कडक. वैद्य सरांनी रांगेतच गाणगापूर फोडायला घेतलं. पूर, गार, रण, आणि गाडी अडली. मॅडमची वही पिशवीत होतीच. रांग सरकेल तशा त्या वाचत होत्या, पुढे उभा धुळप्पा मान न वळवता सांगत होता. न्हाई. न्हाई. न्हाई.

मागे पुण्याकडून आलेल्या एक बाई होत्या. त्या बराच वेळ कान देऊन होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी मॅडमना विचारलं, तुम्ही कुठल्या हो?

‘कमलनगरची हाय,’ मॅडम म्हणाल्या. ‘कामून, वळखू यीना व्हय?’

पुण्याच्या बाई गजऱ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, आणि माहेर? मॅडमनी वही मिटली. म्हैसूरकडलं, म्हणाल्या, पन ते लई लांब हाय.

धुळप्पानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून मॅडमकडे बघितलं. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ह्या कुठं जात नाहीत.

*

तोवर मॅडमनी खेळ वर्गात नेला होता. कन्नडचा एक लांब शब्द फळ्यावर, आणि पोरांनी त्यातले बारके शब्द शोधायचे. पोरं कन्नडला भ्यायची ती कन्नड उकरायला लागली. वैद्य सरांच्या मराठीच्या तासाला बाकाखाली कन्नडच्या चिठ्ठ्या फिरायच्या. सरांनी एकदा रागानं चिठ्ठी जप्त केली. पोरगं गयावया करत होतं, सर ऐकेनात. मधल्या सुट्टीत सर हळूच मॅडमपाशी गेले, चिठ्ठी पुढे केली. कन्नडचं एक अक्षर वाचता न येणारे आमचे वैद्य सर एका जुळणीवर बोट ठेवून म्हणाले, ‘मॅडम, हे हाय का?’

त्या वर्षी दहावीत कन्नडमध्ये एकही मूल बुडालं नाही. बिरादार सरांनी पेढे वाटले. निकालाची यादी लावायला धुळप्पाला सांगितलं होतं, तो यादीपुढे किती वेळ उभा होता ते मी बघितलं. रेणुका तेव्हा आठवी पास होऊन नववीत गेली होती.

*

शेवटचा किस्सा मी फारसा कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगतो.

यंदा रेणुकाची नववी संपत आली आणि बदल्यांचा आदेश निघाला. मॅडमनी पहिल्याच वर्षी अर्ज टाकून ठेवलेला होता, तो आता वर आला. आईच्या एका डोळ्याला दिसेनासं झालं होतं. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ भाकरीचं बघत होती, आणि आई फोनवर रोज म्हणत होती, मी बरी आहे. मॅडमनी आईला इकडे आणायचं दोनदा ठरवलं. आई म्हणाली, दिसत नाही त्या माणसानं निदान ओळखीच्या घरात चाचपडावं. मॅडमना ते पटत होतं, आणि दहावीचा वर्गही सुटत नव्हता. त्या कुणाशी बोलेनात. अक्षरफोडीला बसेनात.

बिदरला कौन्सेलिंग. तिथे एकेकाला नावानं बोलावतात, पडद्यावर रिकाम्या जागा दाखवतात, त्यातली एक निवडायची, नाहीतर नको म्हणून आहे तिथंच राहायचं. मॅडम म्हणाल्या, अण्णांना बरोबर पाठवा. बिरादार सरांनी धुळप्पाला पाठवलं, मलाही पाठवलं, आणि आम्हाला फाटकापाशी गाठून म्हणाले, ‘धुळप्पा, मॅडम तुझं ऐकतात. नातीचं तोंड आठव आणि त्यांना थांबव.’ धुळप्पानं मान हलवली, ती हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

बसमध्ये मॅडम खिडकीशी, शेजारी धुळप्पा, मागे मी. मॅडमनी रिकाम्या जागांची यादी वहीत उतरवून घेतली होती. त्यांनी धुळप्पाला दाखवलं की यात पाचवी जागा आमच्या गावची आहे. आईच्या दारातून शाळेची घंटा ऐकू येते. धुळप्पानं विचारलं, आईला एक डोळा तरी आहे ना? मॅडम म्हणाल्या, तोही जायलाय.

हॉलमध्ये दुपारपर्यंत बसलो. मग पुट्टम्मा असा पुकारा झाला. मॅडम उठल्या आणि धुळप्पाचा हात धरून त्यालाही घेऊन गेल्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. टेबलावरच्या क्लार्कला वाटलं असेल, वडील आहेत. त्यानं जागा वाचायला सुरुवात केली.

पहिलं नाव. मॅडमनी धुळप्पाकडे बघितलं.

‘न्हाई,’ धुळप्पा म्हणाला.

दुसरं. न्हाई. तिसरं. न्हाई. चौथं आलं, तेही न्हाई. माझ्या मनात आलं, आणखी एकदा म्हण, की झालं. बिरादार सरांना फोन करायला मी खिशात हातसुद्धा घातला.

क्लार्कनं पाचवं नाव वाचलं. मॅडम एवढ्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

‘अण्णा, हे हाय का?’

‘नवर’च्या दिवशी गज हातात घेऊन भिंतीला टेकला होता, धुळप्पा तसाच उभा राहिला. मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. क्लार्क म्हणाला, लवकर सांगा. धुळप्पानं टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली.

‘हाय,’ तो म्हणाला.

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. क्लार्कनं बटण दाबलं, कागद निघाला, सही झाली. मॅडम त्या कागदाकडे न बघता बाहेर जाऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

परतीच्या बसमध्ये मॅडम पुढे एकट्या बसल्या. मी धुळप्पाशेजारी. मला राग आला होता आणि तो लपवायची मला इच्छा नव्हती. मी म्हटलं, जूनमध्ये रेणुका दहावीत जाईल आणि वर्गात कन्नडची खुर्ची रिकामी असेल. तुझ्या पोराचं झालं तेच तिचं होईल. एक शब्द तर बोलायचा होता. त्या ऐकणार होत्या तुझं.

धुळप्पानं पुढच्या सीटची दांडी धरली.

‘सर,’ तो म्हणाला, ‘हाय त्याला न्हाई कसं म्हनू?’